खापर बॅटरीच्याच माथी का?

मंचरहून घोडेगाव, डिंभे करत पोखरीचा घाट चढला की तळेघर येते आणि पुढे रस्ता भीमाशंकरला जातो. या पट्ट्यात पावसाळ्यात दोन-तीन दिवस जागेवर उभी राहिलेली जुनी डिझेल जीप सकाळी सुरू होत नाही, तेव्हा जमलेल्या चौघांचे निदान एकच असते : बॅटरी बसली. चालक तेच म्हणतो, धक्का द्यायला आलेले तेच म्हणतात, आणि पुष्कळदा गॅरेजमध्येही बॉनेट उघडण्याआधी तेच ऐकू येते. कोकणच्या बंदरांत, पोटात इंजिन असलेल्या जुन्या लाँचवरही याहून वेगळे काही कानावर पडत नाही. मग नवी बॅटरी येते, इंजिन सुरू होते, निदान खरे ठरल्याची सर्वांची खात्री पटते. आणि काही महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा दारात उभी राहते.

हे मत मला मान्य नाही. बॅटऱ्या खराब होतात, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पुराव्याचा. ज्या खुणांवरून बॅटरीला दोषी ठरवले जाते, त्या खुणांनी तिचा दोष सिद्ध होत नाही. जुन्या गाडीत आणि त्याहूनही जुन्या लाँचमध्ये पहिला संशय घ्यावा तो बॅटरीपासून सेल्फपर्यंत, म्हणजे स्टार्टर मोटरपर्यंत, जाणाऱ्या आणि तिथून परत येणाऱ्या वाटेवर. त्या वाटेची तपासणी फुकट होते; बॅटरीला मात्र काही हजार रुपये मोजावे लागतात, आणि हिरडा गोळा करून किंवा भात विकून पैसा उभा करणाऱ्या घराला ते हजार फार जड असतात. म्हणून हा वाद मला महत्त्वाचा वाटतो.

आधी पूर्वपक्षाला त्याचे पूर्ण बळ देऊ, कारण तो पोकळ नाही. बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. तीन-चार वर्षांत तिची ताकद उतरते. इकडची वाहने रोज लांब पळत नाहीत. जवळच्या वाडीपर्यंत एखादी फेरी, तीही दिवे आणि वायपर चालू ठेवून, एवढ्यात अल्टरनेटरकडून तिची भरपाई पुरी होत नाही. थंडीत तिची ताकद आणखी कमी होते. सेल्फ मारताना दिवे मंदावतात, हे डोळ्यांना दिसते. दुसऱ्या गाडीवरून केबल लावली की इंजिन लगेच फिरते. आणि सर्वांत मोठा पुरावा म्हणजे नवी बॅटरी बसवली की तक्रार जाते. रोग गेला, म्हणजे औषध बरोबर. औषध बरोबर, म्हणजे निदानही बरोबर.

या शेवटच्या पुराव्यापासूनच सुरुवात करू, कारण बाकीच्या सगळ्यांचा भार त्याच्यावर आहे.

नवी बॅटरी बसवताना नेमके काय काय होते? जुन्या बॅटरीचे दोन्ही क्लॅम्प सैल केले जातात. ते अडकलेले असतात, म्हणून पान्याने हलवून, पिळून काढावे लागतात. या पिळण्यातच आतला काळा थर खरवडला जातो. बसवणारा जरा नीटस असेल तर कानशीने किंवा काचकागदाने क्लॅम्प आतून घासतो. मग ते शिशाच्या कोऱ्या, चकचकीत खुंटांवर बसतात आणि बोल्ट घट्ट आवळले जातात. म्हणजे एका वेळी दोन गोष्टी बदलल्या : बॅटरी आणि जोड. तक्रार गेली, हे खरे. पण दोहोंपैकी कशामुळे गेली? अन्वय-व्यतिरेकाची साधी अट अशी, की ज्याला कारण म्हणायचे ते एकटे काढले असता कार्यही नाहीसे झाले पाहिजे. इथे ती अट पाळलेलीच नाही. ती पाळायची तर उलटे करा. जुनी बॅटरी काढा, खुंट आणि क्लॅम्प चकाकेपर्यंत घासा, आणि तीच बॅटरी चार्ज न करता परत बसवा. सेल्फने इंजिन फिरवले, तर बॅटरीवरचा आरोप तिथेच गळून पडतो. अर्ध्या तासाचे हे काम दुकानाची पायरी चढण्याआधी व्हायला हवे.

जोडाला एवढे महत्त्व का, हे आकड्यांवरून समजते. हेडलाइटचा 55 किंवा 60 वॅटचा एक दिवा 12 व्होल्टवर साधारण 5 अँपिअर घेतो. जुन्या लहान डिझेल इंजिनाचा सेल्फ फिरताना दीडशेपासून तीनशे अँपिअरपर्यंत ओढतो. गेओर्ग ओम यांनी 1827 मध्ये मांडलेला नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो : प्रवाह गुणिले रोध म्हणजे वाटेत हरवलेला दाब. क्लॅम्प आणि खुंट यांच्यामध्ये ओमच्या शंभराव्या भागाएवढा रोध असला, तर दिव्याच्या 5 अँपिअरला तिथे हरवतो व्होल्टचा विसावा भाग. दिव्याला काही कळतही नाही. पण सेल्फच्या 200 अँपिअरला तिथेच 2 व्होल्ट हरवतात. ओझ्याखाली चांगली बॅटरीही 11 व्होल्टच्या आसपास आलेली असते. त्यातले 2 गेले, आणि अर्थच्या, म्हणजे परतीच्या, बाजूला तसाच आणखी एक जोड असला तर सेल्फच्या वाट्याला 7 व्होल्टच उरतात. तेवढ्यावर तो कण्हतो, इंजिन फिरवत नाही. शिवाय हरवलेला दाब हवेत विरत नाही : 200 अँपिअर आणि 2 व्होल्ट म्हणजे 400 वॅट उष्णता, आणि तीही अंगठ्याएवढ्या जोडात. म्हणून पाच-सात सेकंद सेल्फ मारल्यावर लगेच सगळ्या जोडांना एकेक करून बोट लावून पाहावे. जो गरम लागेल, तो चोर. या तपासणीला कोणतेही यंत्र लागत नाही, आणि तरीही ती क्वचितच केली जाते.

इथे मल्टीमीटर बाळगणाऱ्यांचाही एक गैरसमज दूर करायला हवा. गाडी बंद असताना बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले, सेल्फच्या बोल्टवरही 12.6 दिसले, म्हणजे वाट मोकळी, असे ते मानतात. शेतातल्या पाइपात बोळा अडकला असला तरी शेवटची तोटी बंद असेपर्यंत दाब पुरा दिसतो. तोटी उघडल्यावरच धार बारीक पडते. प्रवाह नसताना घेतलेले माप वाटेबद्दल काहीच सांगत नाही. बझर लावून केबल तपासणे तर त्याहून फसवे : चाळीस तारांच्या केबलमधली एक तार शाबूत असली तरी बझर वाजतो. ओमच्या शंभराव्या भागाचा रोध साध्या मीटरला दिसणेच शक्य नाही. त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्याहून जास्त असतो.

आता दिवे मंदावण्याचा पुरावा. न्यायशास्त्राच्या भाषेत हा सव्यभिचारी हेतू आहे, म्हणजे साध्य असेल तिथेही सापडणारा आणि नसेल तिथेही. हेडलाइट लावून सेल्फ मारला आणि दिवे विझत आले, तर बॅटरी कमजोर असू शकते. पण सेल्फ जाम झाला असेल, त्याचे बुश झिजून आर्मेचर घासत असेल, किंवा इंजिनच अडकले असेल, तरी प्रवाह वाजवीपेक्षा वाढून दिवे तसेच विझत येतात. खुंटावरचा जोड खराब असेल तरीही तसेच होते, कारण दिव्यांचा आणि सेल्फचा प्रवाह त्या एकाच जोडातून जातो. पाच कारणांना एकच खूण. उलट, दिवे प्रखर राहिले आणि सेल्फ गप्प बसला, तर ती खूण खरोखर बोलकी आहे : प्रवाह वाहतच नाही. मग चावी, सेल्फवरच्या चुंबकी स्विचचे म्हणजे सोलेनॉइडचे आतले संपर्क, सेल्फचे कार्बन किंवा फक्त सेल्फकडे जाणारी केबल, यांतले काहीतरी तुटले आहे, आणि बॅटरी त्या पंक्तीत नाही.

सोलेनॉइडच्या टकटकीचेही असेच. आत दोन गुंडाळ्या असतात, एक ओढणारी आणि एक धरून ठेवणारी. दट्ट्या ओढला जातो, मुख्य संपर्क जुळतो, सेल्फ प्रवाह ओढतो, दाब कोसळतो, धरून ठेवणारी गुंडाळी दुबळी पडते, दट्ट्या सुटतो, दाब परत चढतो, आणि पुन्हा तेच. टकटक एवढेच सांगते, की ओझे पडताच सोलेनॉइडपाशी दाब कोसळतो आहे. तो बॅटरीच्या पोटात कोसळतो की वाटेवर, हे तिला माहीत नसते.

दुसऱ्या गाडीची केबल लावून इंजिन सुरू झाले, हा पुरावा वरवर अभेद्य वाटतो. पण चिमटे कुठे लावले होते ते विचारा. एक चिमटा क्लॅम्पवर आणि दुसरा इंजिनाच्या लोखंडावर लावला असेल, तर मदतीचा प्रवाह तुमच्या बॅटरीचे गंजलेले खुंट आणि अर्थची पट्टी या दोहोंना वळसा घालून गेला. बॅटरी बरी होती की नाही, हा प्रश्न तसाच राहिला. उलट त्याच केबलीने दुसऱ्या गाडीशिवाय एक नेमकी चाचणी करता येते. केबलीचे एक टोक आपल्या बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या, घासलेल्या लोखंडावर लावा आणि सेल्फ मारा. मघाशी कण्हणारा सेल्फ आता इंजिन फिरवू लागला, तर दोष अर्थच्या वाटेत आहे, हे कुठल्याही वकिलाशिवाय सिद्ध झाले. इंजिन रबराच्या पायांवर बसलेले असते. चासीशी त्याचे विजेचे नाते एका विणलेल्या पट्टीतून असते, आणि चिखल-पाणी खाऊन पहिली कुजते ती हीच पट्टी. ती कुजली की प्रवाह मिळेल ती वाट शोधतो. सेल्फ मारताना अॅक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल गरम होत असेल, तर अर्थ कुठून जातो आहे ते ओळखावे.

थंडीबद्दल थोडक्यात. शून्य अंशाला बॅटरीची इंजिन फिरवण्याची ताकद साधारण दोन-तृतीयांश उरते. तळेघरची थंडी बोचरी असली तरी तिथवर जात नाही, आणि ज्या श्रावणात तक्रारी वाढतात तेव्हा तर हवा गारठ्याची नसून ओलाव्याची असते. बॅटरीचे आयुष्य खाते ती उन्हाळ्यातली उष्णता. थंडी फक्त आधीचा दुबळेपणा उघड करते. ओलावा मात्र थेट जोडांवर काम करतो.

गाडीची चर्चा करताना एक सोय वाद झाकून टाकते, ती म्हणजे उतार. तळेघरच्या बाजूचा जाणता चालक रात्री गाडी उतारावर तोंड करून लावतो आणि सकाळी गिअरमध्ये टाकून क्लच सोडतो. काम भागते, म्हणून दोष शोधला जात नाही. लाँचला उतार नसतो. खाली डिंभ्याच्या हुतात्मा बाबू गेनू सागरात मासेमारीला वल्ह्याच्या होड्या चालतात, तिथे हा प्रश्न नाही; पण कोयनेच्या शिवसागरात तापोळ्याला, किंवा भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या वाटेवर, पोटातले इंजिन पाण्याच्या मध्यावर बंद पडले आणि सेल्फने साथ दिली नाही, तर धक्का कोण देणार? म्हणून निदानाची खरी परीक्षा लाँचवर होते, आणि बॅटरीवाद तिथेच सर्वांत उघडा पडतो.

लाकडाच्या किंवा फायबरच्या लाँचला चासी नसते. परतीची प्रत्येक वाट केबलीतूनच जाते, म्हणजे जोड दुप्पट. बॅटरी बंद करण्याचा मोठा स्विच मध्ये असतो, आणि त्याचे तांब्याचे संपर्क वर्षानुवर्षे काळे पडत जातात. समुद्रावरची खारट हवा केबलीच्या टोकावरच्या लगमधून आत शिरते आणि वरचे प्लास्टिक शाबूत असताना आतले तांबे वीतभर काळे-हिरवे करून ठेवते. अशी केबल लगपाशी वाकवून पाहिली तर ती कडक लागते आणि आत कुरकुरते. तिथे नवा लग लावून भागत नाही, चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापावे लागते, आणि बदलायचीच तर कल्हई केलेल्या तारेची केबल घ्यावी.

दुसरी गोष्ट चावीच्या वाटेची. लाँचमध्ये चावी सुकाणूपाशी आणि इंजिन मागे पोटात. चावीची तार इंजिनापासून निघते, बहुपिनी प्लगातून पुढे जाते, फ्यूज, चावी किंवा बटण आणि काही ठिकाणी गिअर न्यूट्रलमध्ये असल्याचा स्विच, असे सगळे करून तेवढेच अंतर कापून सोलेनॉइडकडे परत येते. सोलेनॉइडला ओढताना क्षणभर 30 ते 40 अँपिअर लागू शकतात. बारीक, जुन्या तारेतून एवढा प्रवाह गेला की तिथेच दोन-तीन व्होल्ट गळतात आणि दट्ट्या अर्धाच सरकतो. बॅटरी भरलेली, जाड केबली स्वच्छ, तरीही नुसती एक ‘टक’. गिअरचा दांडा जरा हलवल्यावर सेल्फ उचलत असेल, तर दोष न्यूट्रलच्या स्विचात आहे. आणि वाटच लांब असेल, तर इंजिनाजवळ एक रिले बसवावा : चावीकडून फक्त रिलेपुरता किरकोळ प्रवाह येतो आणि सोलेनॉइडला लागणारा जाड प्रवाह जवळच्या जवळ मिळतो. इतक्या जुन्या आणि स्वस्त उपायाला जागा न देता दरवर्षी बॅटरी बदलत राहणे मला पटत नाही.

‘इंजिन म्हातारे झाले, जड झाले, म्हणून सेल्फला पेलवत नाही’ असेही एक मत आहे. ते उलटे आहे. रिंगा आणि लायनर झिजले की कॉम्प्रेशन उतरते, आणि कॉम्प्रेशन उतरलेले इंजिन हलके फिरते. ते पेटायला त्रास देईल, फिरायला नाही. फिरत नाही आणि फिरते पण पेटत नाही, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांचा एक दुवा मात्र आहे : डिझेल पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने, आणि ती हवा तापायला ठरावीक वेग लागतो. जोड खराब म्हणून सेल्फ मंद फिरला, की इंजिन पेटत नाही, आणि मग बिचारा डिझेल पंप खोलला जातो.

लाँचमध्ये मात्र इंजिन खरोखर अडकण्याचे एक कारण असते, आणि ते जीपला ठाऊक नाही. एक्झॉस्टमध्ये थंड करायला सोडलेले पाणी उलटे येऊन सिलिंडरात भरले, तर पिस्टन वर जाऊच शकत नाही, कारण पाणी दाबले जात नाही. सेल्फ एकदम थबकतो, दिवे विझत येतात, आणि भोवतालचे म्हणतात, बॅटरी बसली. त्यांचे ऐकून दुप्पट ताकदीची बॅटरी लावली आणि जोर केला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. चुकीच्या निदानाची किंमत इथे एका बॅटरीपुरती राहत नाही. सेल्फ असा थबकला, तर आधी इंजेक्टर किंवा हीटर प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाहावे.

खरी तपासणी कशी दिसते, ते जवळून सांगतो. इंजिनाचा स्टॉप ओढून धरायचा, म्हणजे ते फिरेल पण पेटणार नाही. एक माणूस चावीपाशी. मीटर डीसी व्होल्टवर. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर, क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटाच्या डोक्यावर दाबून धरायचे. काळे टोक सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. इथे मीटर बॅटरी मोजत नाही. वाटेत हरवलेला दाब मोजतो. ‘मार’ म्हणताच चावी फिरते, आणि सेल्फ फिरत असतानाचा आकडा वाचायचा. अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला, तर ही बाजू स्वच्छ. समजा 1.8 आला. काळे टोक मागे आणून सोलेनॉइडवर केबल येते त्या बोल्टवर ठेवा आणि पुन्हा सेल्फ मारा : अजून 1.7. म्हणजे सोलेनॉइडचे संपर्क निर्दोष. आणखी मागे, थेट क्लॅम्पवर, खुंटापासून बोटभर अंतरावर : 1.5. त्या बोटभर अंतरातच दीड व्होल्ट गडप होतो आहे. क्लॅम्प काढला की आत पांढरट-राखाडी थर दिसतो. वरून तो किती घट्ट होता, याला काही अर्थ नसतो. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका, घासा, आवळा, आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. हीच पद्धत निगेटिव्ह खुंटापासून सेल्फच्या अंगापर्यंत.

बॅटरीजवळ चार्जिंगचा हायड्रोजन साचतो, तो ठिणगीने भडकतो. म्हणून पक्कड टेकवून ठिणगी पाहण्याची सवय सोडावी, आणि लाँचच्या बंद पोटात तर झाकण उघडून वारा खेळू दिल्याशिवाय काहीच करू नये. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना शेवटी.

वाटेचे सगळे आकडे स्वच्छ निघाले, तरच बॅटरीची पाळी येते, आणि मग तिचीही परीक्षा रीतसर घ्यावी. पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवावी, सकाळी 12.6 च्या आसपास व्होल्ट असावेत. पाणी घालायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही कप्पे पाहावेत : भरलेल्या कप्प्याची घनता 1.250 ते 1.280 च्या दरम्यान असते, आणि एखादा कप्पा इतरांपेक्षा 0.050 ने मागे असेल तर तो गेला आहे. मग स्टॉप ओढून पंधरा सेकंद सेल्फ मारावा आणि मीटर या वेळी दोन्ही खुंटांवर ठेवावा. 9.6 च्या खाली आकडा घसरला आणि सेल्फ व इंजिन मोकळे असल्याची खात्री झालेली असेल, तर बॅटरी खरोखर दोषी आहे, नवी घ्यावी. नवी बसवल्यावर लगेच इंजिन चालू ठेवून खुंटांवर 13.8 ते 14.4 व्होल्ट येतात का ते पाहावे. आकडा 13 च्या वर चढतच नसेल, तर आधी अल्टरनेटरचा पट्टा, त्याचे कार्बन आणि त्याच्याकडून येणारी तार तपासावी, नाहीतर ही बॅटरीही दिवाळीपर्यंत टिकणार नाही.